कागदावरचा कोच

तिल्मों गावात कुणालाही रेजिस पॉन्सारबद्दल विचारा, तो आधी तुम्हाला पास्काल वारोक्येबद्दल सांगेल. यात रेजिसचा अपमान करायचा कुणाचा हेतू नसतो. दोन पुलांच्या मधल्या कॅफेत भिंतीवर एक मोठा फोटो आहे, फुटबॉल कपच्या उपांत्यपूर्व सामन्यातला: पास्काल हवेत, चेंडू कपाळावर, आणि खाली तीन बचावपटू तोंड उघडं टाकून बघताहेत. फोटोच्या डाव्या कडेला एक कान आणि अर्धा खांदा दिसतो. तो रेजिस. फोटोग्राफरच्या मनात काही वाईट नव्हतं. चेंडू असतो तिकडे लोक बघतात, आणि रेजिसचं काम नेमकं चेंडू नसेल तिथे उभं राहायचं होतं.

दोघं एकाच गल्लीतले. पास्कालच्या आईची बेकरी होती, रेजिसचा बाप फाउंड्रीत साचे भरायचा. चौदाव्या वर्षी क्लबच्या पोरांना शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मस्यो त्रिकोंनी दोघांना मैदानाच्या मधोमध उभं केलं आणि सांगितलं, "वारोक्ये, तू पुढे जा. पॉन्सार, तो गेला की तू त्याच्या जागेवर ये आणि थांब. तो परत येणार नाही असंच धरून चाल." म्हाताऱ्याने हे त्या एका शनिवारपुरतं सांगितलं होतं. रेजिसने ते जवळजवळ चाळीस वर्षं पाळलं.

बारा हंगाम तो सहा नंबर घालून तिल्मोंच्या मध्यफळीत खेळला, आठ दुसऱ्या विभागात आणि चार पहिल्या. तीनशे बारा सामने आणि चार गोल, त्यातला एक त्याच्या पाठीला लागून आत गेलेला. पास्काल वर गेला की मागे जे भगदाड पडायचं, त्यात रेजिस आधीच येऊन उभा असायचा. समोरच्याचा चेंडू काढायचा, दोन पावलं टाकायची आणि जवळच्या माणसाला द्यायचा. बस. खेळाचा पेपर दर सोमवारी प्रत्येक खेळाडूला दहापैकी गुण द्यायचा, रेजिसला पाच. जिंकले तरी पाच, हरले तरी पाच. तो पेपर उघडून बायकोला, नादेजला, म्हणायचा, "पास झालो." नादेज म्हणायची, "नापास होशील कसा? परीक्षेला बसतोस कुठे तू?"

गावाने मात्र त्याच्या नावाची एक म्हण करून टाकली. फाउंड्रीच्या बाजूच्या स्टँडमध्ये कुणीतरी एकदा ओरडलं, "घाबरू नका रे, पॉन्सार मागे आहे," आणि ते गावभर झालं. गॅसवर काही ठेवून बाई बाहेर निघाली की शेजारीण म्हणायची, "जा तू निवांत, पॉन्सार मागे आहे." स्वतःच्या नावाची म्हण झालेली बघायला मिळणं ही लहान गोष्ट नाही. ती पास्कालच्या वाट्यालाही आली नाही.

चौतिसाव्या वर्षी रेजिसचा गुडघा गेला. दोन वर्षांनी पास्कालला कोच म्हणून पहिली नोकरी लागली, आणि त्याने रेजिसला फोन केला. "तिथे मी कुणालाच ओळखत नाही रे. चल ना." फुटबॉलमध्ये रिवाजच आहे, कोच येतो तो आपला माणूस बरोबर घेऊन येतो. कोचला नारळ मिळाला की त्या माणसालाही मिळतो, त्याला वेगळं कुणी विचारतसुद्धा नाही. अशी सोळा वर्षांत, तिल्मों धरून, सात गावं झाली. नादेज औषधाच्या दुकानात काम करायची. सात गावांत सात दुकानं झाली. काही खोकी तिने कधी उघडलीच नाहीत. तीन वर्षांपूर्वी ते तिल्मोंला परत आले तेव्हा तिने शेवटचं खोकं उघडलं, ते चिरून सपाट केलं आणि म्हणाली, "आता मी हलायची नाही. मला हलवायचंच असेल तर चौघांनी उचलून."

आता डिप्लोमाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. राष्ट्रीय विभागात संघाचा मुख्य कोच म्हणून ज्याचं नाव लागतं त्याच्याकडे कोचिंगचा वरचा डिप्लोमा असावा लागतो. नसेल तर क्लबला दर सामन्याला दंड. पास्काल त्या वर्गाला जेमतेम एक आठवडा बसला. "फुटबॉल काय फळ्यावर खेळतात? उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे," म्हणाला आणि उठून आला. रेजिसने पंचेचाळिसाव्या वर्षी दीड वर्ष वर्ग केला, निबंध लिहिले, तोंडी परीक्षेत घाम गाळला आणि डिप्लोमा आणला. तेव्हापासून सामन्याच्या कागदावर लिहिलं जाऊ लागलं: मुख्य कोच, पॉन्सार रेजिस. असिस्टंट, वारोक्ये पास्काल. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

ही काही तिल्मोंचीच शक्कल नव्हती. अर्धा देश तेच करतो, आणि फेडरेशनचे निरीक्षक वही घेऊन बेंचशेजारी बसतात ते याच्याचसाठी: रेघेपाशी उभं राहून कोण बोलतंय, ते लिहायला. म्हणून दोघांनी एक पद्धत बसवली होती. पास्काल बेंचवर बसायचा, तोंडावर हात धरायचा आणि बोलायचा. चार पावलं पुढे उभा असलेला रेजिस ते ऐकायचा आणि मैदानात ओरडायचा. "डावीकडे सरका" म्हणजे "डावीकडे सरका". एक शब्द इकडचा तिकडे नाही. बोलविता धनी मागे बसलेला. निरीक्षकांनाही ते कळायचं. एकाने तर सामना संपल्यावर वही मिटून विचारलं होतं, "पॉन्सार, तुमचा आवाज बसला तर हे गृहस्थ मुके होतील का हो?" सगळे हसले. रेजिसही हसला. त्याला त्या व्यवस्थेचं वाईट वाटायचं का? नादेजने एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "त्याला दिसतं ते मला दिसत नाही." आणि हे तो मनापासून मानत होता.

मग गेल्या सप्टेंबरात, एका परगावच्या सामन्यात, साठाव्या मिनिटाला मागून आवाज आला, "बास्तियाँला उतरव."

बास्तियाँ दोन वर्षांपूर्वीच क्लब सोडून बेल्जियमला गेला होता. रेजिसने मागे वळून बघितलं. पास्कालची नजर मैदानावर, हात तोंडावर, चेहरा नेहमीसारखा. जीभ घसरली असेल, रेजिसने मनाशी म्हटलं, आणि त्याच जागेवर खेळणाऱ्या माथिसला उतरवलं. माथिसने उजवीकडून एक धाव काढली तशी पास्काल मागून समाधानाने म्हणाला, "बघ. बास्तियाँ अजून कसला पळतो."

रेजिसला पुन्हा मागे वळावंसं वाटलं. पण चेंडू खेळात होता, आणि चेंडू खेळात असताना त्याला दुसरं काही सुचत नसे.

ऑक्टोबरात मध्यंतराला पास्काल खेळाडूंशी बोलला. बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्या दिवशी समोरच्या संघाचं वर्णन त्याने इतक्या बारकाईने केलं, की पोरं श्वास रोखून ऐकत राहिली: डावखुरा कर्णधार, उंच गोलकीपर, खांद्याने ढकलणारा तो केसाळ बचावपटू. फक्त तो संघ वीस वर्षांपूर्वीचा होता. कर्णधार आता आजोबा झाला असेल. पोरांना वाटलं, कोच मुद्दाम जुन्या काळची गोष्ट सांगून आपल्याला पेटवतोय. ती पेटली, आणि तीन-शून्यने जिंकली. सोमवारच्या पेपरात आलं, वारोक्ये आपल्या खेळाडूंना इतिहास शिकवतो. गाव महिनाभर त्या वाक्यावर खूश होतं. गंमत बघा, माणूस नावाजलेला असला की त्याच्या चुकीतही लोक अर्थ शोधतात. तीच चूक रेजिसने केली असती तर त्याला घरी पाठवलं असतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. रेजिसला ते कळत होतं. तो रोज ठरवायचा आणि रोज मूग गिळून बसायचा. पास्काल एकटा राहायचा, आईच्या बंद पडलेल्या बेकरीच्या वर. बायको केव्हाच गेलेली, मुलगी मोंत्रेआलला. त्याच्यापाशी शनिवार सोडून होतं काय? आणि तो शनिवार काढून घ्यायचा तर कुणी? रेजिसने? झाकली मूठ सव्वा लाखाची. तो झाकत राहिला. मागून चुकीचं नाव यायचं, पुढे बरोबर नाव जायचं. मागून "पुढे सरका" यायचं, तो पोरांना मागे घ्यायचा. भगदाड पडलं की जाऊन उभं राहायचं, एवढं एकच काम त्याला जन्मभर नीट येत होतं.

संघ जिंकत गेला. डिसेंबरात तिसरा, जानेवारीत दुसरा.

फेब्रुवारीत असं झालं: समोरच्या संघाने अचानक आपली रचना बदलली आणि रेजिस ओरडला, "नोलान, आत ये. त्यांच्या सहा नंबरच्या पाठीशी उभा राहा." नोलान आत आला. दोन मिनिटांत त्याने चेंडू हिसकावला आणि गोल झाला. स्टँड उठून उभं राहिलं. तेव्हा कुठे रेजिसच्या लक्षात आलं, की मागून कुणी काही बोललंच नव्हतं. तो घाबरून वळला. पास्काल टाळ्या वाजवत होता. "हं," तो म्हणाला, "मी तेच म्हणणार होतो."

त्या संध्याकाळी रेजिस घरी आला, ओव्हनमध्ये बटाटे लावले आणि शीळ घालू लागला. नादेजने दारातून डोकं आत घातलं. तीस वर्षांत तिने त्याची शीळ ऐकली नव्हती.

"काय रे, लॉटरी लागली का?"

"जिंकलो ना."

"ते काय नवीन आहे? आठ आठवडे जिंकताय."

त्याने ओव्हनचं दार उघडून बटाटे परतले. पण त्या रात्रीपासून त्याला एक गोष्ट स्वतःशी नाकारता येईना. शनिवारची तो वाट बघू लागला होता. आठवडाभर वहीत लिहायचा, कुणाला कुठे उभं करायचं. ते लिहिताना आपण पास्कालचं झाकतोय, हे त्याच्या मनातही येत नसे. तो कोच झाला होता, आणि त्याला ते फार, फार आवडत होतं.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी क्लबचे अध्यक्ष मस्यो ब्रियाकूर यांनी दोघांना बोलावलं. संघ पहिल्या नंबरावर होता. ब्रियाकूर फाउंड्रीचे मालक, मिठी मारतानाही पाठीवर हातोडा मारल्यासारखे थापटायचे.

"तीन वर्षांचा करार," ते म्हणाले. "सोमवारी दहाला सही. पास्काल, तू गावाचा उद्धार केलास बाबा. आणि पॉन्सार, तुम्हीही आहातच."

"आहेच मी," रेजिस म्हणाला.

पास्काल नुसता हसत होता. जिना उतरताना त्याने विचारलं, "सही कसली रे?" आणि रेजिसने अगदी सहज, जणू तो रोजचाच प्रश्न असावा तसं सांगितलं, "कराराची. सोमवारी." "हां हां," पास्काल म्हणाला.

त्याच संध्याकाळी नादेज दुकानातून आली ती कोट न काढताच स्वयंपाकघरात बसली.

"आज पास्काल आला होता. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला."

"बरं."

"तासाने परत आला. त्याच गोळ्या मागायला. मी म्हटलं, अरे, आत्ता तर नेल्यास. तर हसला, म्हणाला, तुझी परीक्षा बघत होतो. पण रेजिस, त्याला आठवत नव्हतं. मी काउंटरमागे तीस वर्षं उभी आहे, मला कळतं." तिने त्याच्याकडे निरखून बघितलं. "तुला दचकायलाही झालं नाही."

रेजिसने टेबलावरचे पावाचे कण गोळा करायला सुरुवात केली.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"सप्टेंबर."

 रागावली की नादेज आवाज खाली आणायची. "आणि डॉक्टरकडे नेलं नाहीस. सहा महिने. अशा माणसाला लवकर नेलं तर काही करता येतं, निदान त्याला स्वतःचं काही ठरवता येतं. तू त्याला तेवढंही ठेवलं नाहीस."

"त्याचं सगळं जाईल गं. आणि आपलंही. तो गेला की मला कोण ठेवणार? तूच म्हणालीस ना, आता हलायचं नाही."

"माझ्यावर ढकलू नकोस," ती म्हणाली. "खोकी मी परत भरीन. रविवारी तुम्ही फिरायला जाता ना? रविवारी सांग. नाहीतर सोमवारी मी त्या ब्रियाकूरच्या ऑफिसात जाऊन सांगते."

शनिवारचा सामना तिल्मोंने दोन-एकने जिंकला. स्टँडमध्ये पास्कालच्या नावाचं गाणं चाललं होतं. शेवटच्या दहा मिनिटांत पास्काल मागून हळूच म्हणाला, "रेजिस, आपण कुठल्या बाजूला गोल करायचाय?" त्याच्या आवाजात भीती होती. रेजिसने हाताने दाखवलं. निरीक्षकाने वहीत काहीतरी लिहिलं.

रविवारी सकाळी दोघं नेहमीप्रमाणे म्यूज नदीच्या काठाने निघाले. गेली तीन वर्षं हा नेम होता: बंधाऱ्यापर्यंत जायचं, तिथल्या बाकावर बसायचं, कालचा सामना उसवून बघायचा आणि परत येऊन कॅफेत एक-एक पांढरी वाइन घ्यायची. नदी भरलेली होती, पाणी मातकट. पास्काल छान मूडमध्ये होता, वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाला टोपी काढून दाखवत होता. लोक म्हणत होते, "शाब्बास, कोच."

बाकावर बसल्यावर रेजिस म्हणाला, "पास्काल, तू डॉक्टरकडे जायला हवंस."

"गुडघा तुझा गेलाय, माझा नाही."

"गुडघ्याचं नाही. तू विसरतोस. नावं विसरतोस, दिवस विसरतोस. काल कुठल्या बाजूला खेळतोय ते विचारलंस मला."

पास्काल हसला, मग हसणं अर्ध्यावर सोडून त्याच्याकडे बघत राहिला. "अच्छा," तो म्हणाला. "सोमवारी सही, आणि रविवारी हे. ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस रे. खुर्ची पाहिजे तर सरळ माग."

रेजिसला ते लागलं. हे ऐकावं लागेल म्हणूनच तो सहा महिने गप्प बसला होता, आणि ऐकताना त्याला कळलं, की ते पूर्ण खोटंही नव्हतं. तरी तो हलला नाही.

"कालचा संघ सांग," तो म्हणाला.

"काय?"

"काल आपले अकरा जण कोण होते? सांग. चुकला नाहीस तर मी उद्या माझा डिप्लोमा या पाण्यात टाकीन आणि तुझी माफी मागीन."

"पोरकटपणा आहे हा." पण पास्कालने बोटं पुढे केली आणि मोजायला लागला. गोलकीपर बरोबर. बचावातले दोघं बरोबर. मग बास्तियाँ. मग एक नाव आलं, ते त्यांच्या चौथ्या क्लबमधल्या मुलाचं होतं. मग माथिस, नोलान बरोबर. मग तो अडला. पाण्याकडे बघत ओठ हलवत राहिला. शेवटी अगदी हळू म्हणाला, "सहाव्या नंबरला तू."

 पास्कालने बोटं मिटली आणि हात कोटाच्या खिशात घातले, ते दिसू नयेत अशा घाईने.

बंधाऱ्यावरून एक कुत्रा गेला, त्याच्यामागे त्याची म्हातारी मालकीण. तिनेही "शाब्बास, कोच" म्हटलं. पास्कालने टोपी काढली नाही.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"सप्टेंबर."

"म्हणजे हा सगळा हंगाम..."

"हो."

"मी बेंचवरून काय सांगत होतो?"

"काही बरोबर. काही नाही."

"आणि तू काय ओरडत होतास?"

"माझ्या मनाला येईल ते."

पास्कालने मान हलवली, जणू एखादा गुंतागुंतीचा पास त्याला आत्ता उलगडला होता. "मला वाटत होतं, मी जिंकतोय," तो म्हणाला. "घरी जाऊन आईच्या फोटोला सांगायचो." मग त्याने मान वर केली. "खरं सांग. माझ्यासाठी लपवलंस?"

इथे रेजिसला सोपं उत्तर देता आलं असतं. आयुष्यभर त्याने सोपाच पास दिला होता, जवळच्या माणसाला, आणि कुणी त्याला नाव ठेवलं नव्हतं.

"आधी तुझ्यासाठी," तो म्हणाला.

"आणि मग?"

"मग मला आवडायला लागलं."

पास्काल त्याच्याकडे बघत राहिला. राग येईल असं रेजिसला वाटलं होतं, आणि तो आलाच, पण हसण्यासकट आला. "गाढवा," पास्काल म्हणाला, "सोळा वर्षं मी वाट बघितली, की हा माणूस एकदा तरी वळून म्हणेल, पास्काल, तू चुकतोयस, मी माझं सांगतो. एकदा तरी. आणि तुला मुहूर्त सापडला तो हा? माझं डोकं जायला लागल्यावर?"

"मला वाटायचं, तुला दिसतं ते मला दिसत नाही."

"नव्हतंच दिसत. तुला दुसरं काहीतरी दिसत होतं. तेच तर हवं होतं मला." तो पाण्याकडे वळला. "जिंकलेले सामने घे तुला. ते तुझेच आहेत, मी भांडायचा नाही. पण ते सहा महिने माझे होते रे. मला थोडं आठवत होतं तेव्हाचे. पोरीला भेटून आलो असतो. तू तेही झाकून टाकलेस."

रेजिसला रडू आलं. त्याने डोळे पुसले नाहीत, आणि माफीही मागितली नाही, कारण माफी मागितली की पास्काल त्याचीच समजूत घालत बसला असता. तेवढं तो त्याला ओळखत होता. तो फक्त म्हणाला, "आता मी झाकणार नाही."

 कॅफेत आज त्यांची वाट बघणारे लोक असतील, फोटोखालचं टेबल रिकामं ठेवलेलं असेल. दोघांपैकी कुणालाच तिकडे जायची घाई नव्हती.

"उद्या सकाळी आठला निघायचं," रेजिस म्हणाला. "रॅन्सला मोठ्या इस्पितळात. नादेजने फोन केलाय. मी तुझ्या दारात येतो. उठून काही खाऊ नकोस, रक्त काढतील."

"दहाला सही आहे ना?"

"सही नाही करायची. परत आलो की ब्रियाकूरला आपण दोघं जाऊन सांगू. मग तो आपल्याला काय करायचं ते करेल."

पास्कालने भुवया वर केल्या. "हे मी म्हणालो?"

"नाही. मी म्हणतोय."

पास्कालने थोडा विचार केला. "बरं," तो म्हणाला, आणि उठून कोटाची बटणं लावायला लागला. वरचं बटण दुसऱ्याच काजात गेलं, मग सगळीच एकेक घर खाली घसरली आणि कोट एका बाजूने वर आला. रेजिसचा हात सवयीने पुढे झाला, न बोलता ते सारखं करून टाकायला. त्याने तो मागे घेतला.

"पास्काल," तो म्हणाला, "बटणं चुकली आहेत."